खडूचा सोफा

खडूमास्तरांच्या पँटला दोन्ही गुडघ्यांवर पांढरे गोल असायचे. धुतलेल्या पँटलासुद्धा. मुलुंडला मी त्यांच्याकडे काम मागायला गेले, तेव्हा साठीला टेकलेला हा गृहस्थ दातांत टेपचं टोक धरून एका रिकाम्या खोलीत रांगत होता. टेप काढून म्हणाला, "बाजूला हो गो. कपाटात उभी आहेस." मी दचकून बाहेर उडी मारली. कपाट लादीवर खडूने काढलेलं होतं, दारासकट.

मास्तर पूर्वी एका गिरणीच्या ऑफिसात नकाशे काढायचे. गिरणी बंद पडली आणि त्यांनी 'इंटिरियर डेकोरेटर' अशी पाटी लावली. झालं! लोक लग्नाचा मांडव ठरवायला यायचे. "खुर्च्या किती देता?" मास्तर शांतपणे सांगायचे, "देत नाही. कुठे ठेवायच्या ते सांगतो." समोरचा त्यांच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायचा आणि निघून जायचा. आमच्या व्यवसायाची तेव्हा ही अवस्था होती. घर सुतार करतो, रंग रंगारी देतो, मग हे मधले कोण, हे कोणालाच कळत नसे. माझ्या अप्पांना तर मुळीच नाही. "फरशीवर रेघा मारायला डिप्लोमा केलास?" ते विचारायचे. शेवटी त्यांनी अटच घातली. एक घर एकटीने करून दाखव. ते फसलं तर मुकाट बँकेच्या परीक्षेला बसायचं. फॉर्म त्यांनी आणूनच ठेवला होता, कपाटावर, मला दिसेल असा.

मास्तरांची पद्धत जगावेगळी. सगळं फर्निचर आधी लादीवर खऱ्या मापात खडूने काढायचं आणि घरच्यांनी आठ दिवस त्यात नांदायचं. रेघ ओलांडायची नाही, लादी पुसायची नाही. आठ दिवसांनी सुतार. बायका किंचाळायच्या, "आठ दिवस लादी पुसायची नाही?" मास्तर म्हणायचे, "वहिनी, कपाट पुढे वीस वर्षं पुसायचंय. लादीला जरा सुट्टी द्या." मला ते नावाने कधी हाक मारत नसत. मी 'डिप्लोमा'.

माझ्या वाट्याला आलेलं घर नाहूरचं. सुनंदावहिनी, त्यांचे यजमान आणि यजमानांची आई. रंगीत टीव्ही नुकता आलेला, आणि शेजारणीकडे भिंतभर शोकेस झालेली. वहिनींना त्याहून मोठी हवी होती. मी तीन रात्री जागून नकाशा केला. भिंतभर शोकेस, मधोमध टीव्ही, समोर काटकोनात वळलेला सोफा. मास्तरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "झकास. कागद खूश आहे," म्हणाले आणि पहिल्यांदाच खडू माझ्या हातात दिला.

वहिनींनी खडूच्या सोफ्याचं जे कौतुक केलं ते मी जन्मात विसरणार नाही. शेजारणी बघायला आल्या. "अहो, चपला काढा, सोफ्यावर उभ्या आहात!" चहा दिला तोही सोफ्याच्या रेघांच्या आत, मांडी घालून. यजमान ऑफिसातून दमून यायचे आणि नसलेल्या टीपॉयला वळसा घालून आत जायचे. एकदा चुकून सरळ गेले तर वहिनी ओरडल्या, "अहो, काच फुटेल!" बिचाऱ्यांनी खाली वाकून बघितलंसुद्धा.

पाचव्या दिवशी मास्तरांच्या घराखालच्या दुकानात फोन आला. वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. "मास्तर, वाट लागली! सासूबाईंनी सोफा पुसला!"

आम्ही धावत गेलो. सोफ्याचा काटकोन सफाचट झाला होता, आणि त्या ओल्या जागेत, गॅलरीच्या दाराशी, आजी विळीवर बसून नारळ खवत होत्या. मला असा संताप आला! पदर खोचला आणि रेघ पुन्हा ओढायला लागले. आजींनी हातातलं खोबरं ठेवलं, फडकं उचललं आणि माझ्या डोळ्यांदेखत रेघ पुसली. "माझो झील सांजचो त्या वळणार दिसता," त्या बाहेर बोट दाखवून म्हणाल्या. "तुझ्या सोफ्यात बसान दिसतलो काय गो?"

सोफ्याची पाठ गॅलरीकडे होती. ऑफिसातून येणारा मुलगा त्यात बसून दिसणार नव्हताच. चार दिवस ही बाई पाठीच्या आणि गादीच्या मधोमध विळी मांडून बसत होती. वहिनी "सोफ्यात खोबरं पडतंय" म्हणून कटकट करत होत्या, आणि मी सासू-सुनेचं भांडण म्हणून हसत होते. आजी कुठे बसतात हे मी विचारलंच नव्हतं.

"पण मास्तर, काटकोन काढला तर सगळं चित्र बिघडतं," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं. डोळ्यांसमोर अप्पांचा फॉर्म नाचत होता.

"चित्रात कोण राहणाराय?" मास्तर म्हणाले. "आणि तिनं पुसलं नाही, दुरुस्त केलं. रडून झालं की आजींचं माप घे."

मी खरोखरच आजींचं माप घेतलं. विळीसकट, पाय पसरून, खवताना कोपर जातं तिथपर्यंत. त्याभोवती रेघ मारली. सोफा सरळ झाला, शोकेस अर्ध्यावर आली, वहिनींनी महिनाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं.

वास्तुशांतीला मी अप्पांना घेऊन गेले. त्यांनी सनमायका ठोकून पाहिला, ड्रॉवर ओढून पाहिले, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग आजींच्या शेजारी जमिनीवर बसले ते दोन तास उठलेच नाहीत. घरी येताना म्हणाले, "तू नक्की काय केलंस ते मला कळलं नाही. पण उठावंसं वाटेना." दुसऱ्या दिवशी कपाटावर फॉर्म नव्हता. मास्तरांना हे सांगितलं तर ते इतके हसले की हातातला खडू मोडला. "कळलं नाही ना? मग पास झालीस."

पुढे गिऱ्हाइकं परदेशी मासिकांतली पानं फाडून आणायला लागली. अस्सं करून द्या म्हणायची. आठ दिवस थांबायला कोणी तयार होईना, आणि मास्तरांची कामं कमी झाली. ते चिडले नाहीत. "पुढे लोक घर फोटोसाठी करतील," म्हणायचे. "तुमचा धंदा झकास चालेल. फक्त आजी कुठे बसते ते विचारत जा. फोटोत ती नसते."

मग ते आजारी पडले. दवाखान्यातून पलंग आणायचा ठरला, त्याच्या आदल्या दिवशी मी गेले. मास्तर खुर्चीत बसून खेकसत होते आणि मास्तरीणबाई लादीवर रांगत पलंग काढत होत्या. "वाकडा काढलास! घसरून पडेन ना मी!" बाई म्हणाल्या, "पडा एकदाचे, मग सरळ काढते." पलंगाशेजारी एक छोटा चौकोन होता.

"हा टीपॉय?" मी विचारलं.

"तुझं स्टूल. भेटायला येशील तेव्हा हिची स्वयंपाकघराची वाट अडवू नकोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि येत जा गो."

मी रोज गेले. स्टूल बरोबर त्या रेघांत बसायचं.

दीड महिन्याने पलंग परत नेला. त्याच्याखाली पांढऱ्या रेघा तशाच होत्या. मी माझ्या चौकोनात, जमिनीवरच बसले. मला रडू आवरेना. मास्तरीणबाई हातात ओलं फडकं घेऊन आल्या, रेघेपाशी थांबल्या आणि परत आत गेल्या.

आठ दिवस त्यांनी लादी पुसली नाही.