ओल्या फरशीवर पाय ठेवू नका

फरशी बसवायची म्हणजे आधी खोली रिकामी करावी लागते. कपाट पडवीत, गाद्या शेजारी, देव स्वयंपाकघरात. घरची माणसं मग आमच्या आसपासच वावरतात, जेवतात, भांडतात. मी आणि माझा जोडीदार बबनदादा कर्जत-खालापूरकडे बरीच वर्षं हेच काम करतोय. त्यामुळे किस्से आपोआप साठलेत. चहाला बसलं की एक निघतो, त्याच्यामागून दुसरा.

नेरळच्या एका फ्लॅटमध्ये नवऱ्याला राखाडी टाइल हवी होती, बायकोला पांढरी. कशीबशी राखाडी ठरली. तर दुकानदाराने टेंपोत चुकून बदामी पाठवली. आम्ही परत भरायला लागलो, तशा बाई म्हणाल्या, "राहू दे, हीच बसवा. म्हणजे कोणाचंच चाललं नाही."

कशेळ्याला एका घरात कोपऱ्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. टोपली हलवू का, विचारलं. घरची बाई म्हणाली, "नाय रं दादा. तेवढा कोपरा सोड. पिल्लं निघाली की ये." नंतर गेलो तोवर दुकानातला तो माल संपला होता. कोपऱ्यात जरा गडद टाइल बसली. पाहुणे विचारतात तेव्हा ती सांगते, "ती कोंबडीची खोली हाय."

टाइल बसली की बबनदादा ती ठोकून बघतो. खाली पोकळी असली तर आवाज वेगळा येतो. कुंभिवलीच्या काकूंना वाटायचं, दारावर कोणी आलंय. प्रत्येक वेळी उठून दार उघडायच्या. शेवटी वैतागल्या. "आता नाय उठायची मी." आम्ही जेवायला बसलो तरी ठकठक चालूच. बबनदादा म्हणाला, "काकू, आता मी नाय." बाहेर जावई उन्हात उभा होता.

बबनदादाची बायको एकदा कामावर डबा घेऊन आली. त्याच्यादेखत मला म्हणाली, "भावजी, चांगला फरशीवाला असंल तर सांगा. आमच्या खोलीत अजून कोबाच हाय." बबनदादा मान खाली घालून जेवत होता. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याच घरी होतो.

कर्जतजवळच्या एका गावात सुरेशच्या वडिलांची नजर गेलेली. जुन्या कोब्याच्या भेगा पायाला ओळखीच्या होत्या, त्यावरून बाबा खाटेपासून दारापर्यंत एकटे जायचे. सुरेशने गुळगुळीत टाइल आणली. निम्मी खोली झाली, सुकली, आणि बाबा मधेच उभे राहिले. "दार कुठं गेलं रं?"

सून म्हणाली, "अंगणातली खडबडीत टाइल उरलीय. तिची एक पट्टी बसवा, खाटेपासून दारापर्यंत."

"वाईट दिसंल," सुरेश म्हणाला.

"त्यांना नाय ना दिसत."

सुरेश उठून ती टाइल घेऊन आला. आम्ही पट्टी बसवली. बाबा रोज सकाळी तिच्यावरून ओटीवर येऊन बसायला लागले.

पुढे बाबा गेले. काही महिन्यांनी सुरेशचा फोन आला, पट्टी काढून सगळी खोली सारखी करून द्या. आम्ही गेलो. बबनदादाने छन्नी लावली, तेवढ्यात सुरेश म्हणाला, "थांबा जरा."

खाट असायची तिथे तो उभा राहिला. डोळे मिटले आणि पट्टीवरून सावकाश चालत दारापर्यंत गेला. हात चौकटीला लागल्यावर थांबला.

मग आमच्याकडे न बघताच म्हणाला, "राहू दे. चहा घेऊन जा."