वहिनी दोर सोडते

माझ्या वहिनीच्या हातात काही दिलं की ते परत मिळेल याची खात्री नाही. भाजीची पिशवी असो की टीव्हीचा रिमोट, अशी आवळून धरते की शेवटी आपणच नाद सोडावा. दादा म्हणतो, "पहिल्यांदा हात धरला तेव्हाच कळलं, आता आपली सुटका नाही." मग हसतो, आणि पायजम्याच्या रिकाम्या पायाची घडी नीट करत बसतो.

आमचा धंदा झाडं उतरवायचा. घराला खेटून उभं असलेलं झाड एकदम पाडता येत नाही. मी वर चढून शेंड्याकडून एकेक ओंडका कापत येतो. ओंडका दोराला बांधलेला असतो, दोर माझ्याखाली खोडाला बांधलेल्या कप्पीतून खाली जातो आणि खालचा माणूस तो बुंध्याला गुंडाळून हळूहळू सोडतो. दादाचा पाय गेला त्या दिवशी दोर रोजावर आणलेल्या माणसाकडे होता आणि दादा खाली फांद्या ओढत होता. वरून मला दोर सरसर पळताना दिसला. मी ओरडेपर्यंत ओंडका दादाच्या पायावर पडला होता. दोराचा तो आवाज अजून कानातून जात नाही.

दादा दवाखान्यातून घरी आला आणि वहिनीने त्याचे हातमोजे चढवले. "आता परक्याच्या हातात दोर द्यायचा नाही," म्हणाली. पण भीतीपोटी ती बुंध्याला एक वेढा जास्तच घ्यायची. कापलेला ओंडका खाली जायचा, दोर जागच्या जागी अडायचा, आणि त्याचा सगळा हिसका मी ज्या खोडाला बांधलेला, त्यालाच बसायचा. माझे दात वाजायचे.

"वहिनी, थोडा सोड गं!"

"सोडायचं नाव काढू नका, भाऊजी!"

मागच्या कामाला माझ्या कमरेखालीच खोडाला उभी चीर गेली. तसाच खाली उतरलो. पुरे झालं म्हटलं, आता दोर सोडायचं नीट साधन आणायचं.

दुकानदाराने दोन साधनं काढली. एक नुसता लोखंडी ड्रम. बुंध्याला पट्ट्याने आवळायचा, त्यावर दोराचे वेढे घ्यायचे आणि हाताने जोखत सोडायचं. दुसरं चकचकीत यंत्र, दोराला हिसका बसला की आपोआप दाबून धरणारं.

"म्हणजे हात सुटला तरी ओंडका अडणार?" वहिनीने विचारलं.

"अडणारच, ताई."

"हेच द्या."

"वहिनी, त्याने मी मरेन," मी म्हणालो.

"काहीतरी अभद्र बोलू नका!"

"मग एकदा वर येऊन बस माझ्याशेजारी!"

रागात बोलून गेलो. पण ही बाई बोललेलं धरून बसते. दुकानदाराने यंत्र वापरून बघायला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वखारीतल्या शेंडा कापलेल्या झाडावर पट्टा बांधून वहिनी माझ्यामागे चढली. खाली खुर्चीत दादा. "अगं, वेड लागलंय का तुला?" म्हणाला, आणि त्याने तोंड फिरवलं.

मी मुद्दाम लहानसाच तुकडा कापला. खाली दोराला कुणी नव्हतं, यंत्रच धरणार होतं. त्याने धरलं. खोड पुढे गेलं, मागे आलं, आणि वहिनीने माझी कॉलर पकडली ती सोडेना. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"रोज असंच होतं?"

"मोठ्या ओंडक्याला याहून जास्त."

उतरल्यावर तिने ते यंत्र स्वतः खोक्यात भरलं.

ड्रम लावून पहिलंच काम, खाली कुणाचं तरी कौलारू छप्पर. मी करवत चालवली. ओंडका कलला, सुटला, आणि दोर पळायला लागला. तसाच सरसर. वरून बघताना सुटलेला दोर आणि सोडलेला दोर सारखाच दिसतो हो! गेलं, मला वाटलं, पुन्हा गेलं.

मग आवाज मंदावला. ओंडका छपराच्या कडेने सावकाश उतरला आणि गवतावर टेकला. खोड जेमतेम हललं.

मी खाली पाहिलं. दोर दोन्ही हातांत धरून वहिनी हमसाहमशी रडत होती.

"वहिनी, झकास सोडलास गं!"

"बोलू नका माझ्याशी!" ती रडतच ओरडली. "पुढचा कापा, लवकर. माझी हिंमत आहे तोवर कापा."