रिठ्याच्या पाण्यात धुतलेली अगराची माळ

सासरी चांदी धुवायचं काम मला कुणी दिलं नव्हतं, ते मीच हिसकावून घेतलं होतं. हुपरीत घरोघरी पैंजणं होतात. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, चार माणसं घडवायला बसत आणि मागच्या परड्यातल्या चुलीवर रिठ्याचं पाणी दिवसभर तापत असे. जोड देताना आगीत तापून काळवंडलेलं पैंजण त्या पाण्यात बुडवायचं, पितळी कुंचल्यानं घासायचं, की आतून पांढरीशुभ्र चांदी वर येते. मला ते बघायला इतकं आवडायचं की लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी सासूबाईंच्या हातातला कुंचला काढून घेतला. मी कोल्हापूर शहरातली, सातवी शिकलेली आणि तोंडानं फटकळ. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या जिभेला बी जरा रिठा लावा की कुणीतरी." पण हात चांगला आहे हे त्यांनाही मान्य होतं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट असेल. कोल्हापुरातल्या एक शिंपीणबाई आमच्याकडे यायच्या, सगळे त्यांना चाची म्हणत. नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, आणि पोलकी शिवून त्यांनी एकुलत्या मुलीला वाढवलं होतं. मुलीचा निकाह ठरला तेव्हा त्या एक डबी घेऊन आल्या. डबी उघडली आणि सोप्यातले चारही हातोडे थांबले, असा वास. आत काळ्या तकतकीत मण्यांची माळ होती.

"अगर हाय," चाची म्हणाल्या. "आमचं मालक हाजींना बोटीवर पोचवायला मुंबईला गेलते, तवा आणलेली. पोरगी तान्ही हुती. म्हणाले, हिच्या लग्नात हिच्या गळ्यात घालायची. मण्यांना चांदीच्या टोप्या बसवून द्या, दागिना झाला पायजे."

मला तोवर अगर माहीत होता तो अगरबत्तीतला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, इवल्या इवल्या टोप्या घडवल्या आणि त्यात मणी ओवून माळ माझ्याकडे दिली. टोप्या हाताळून मळकट झाल्या होत्या. त्या फडक्यानं पुसायच्या, एवढंच काम होतं. पण माझ्या हाताला एकच सवय. पैंजणांचा घाणा उकळत होता, त्यातच मी माळही सोडली. चांदी काळी दिसली की रिठ्यात टाकायची, यापुढं माझं डोकं त्या दिवशी गेलंच नाही.

पाणी चहासारखं लाल झालं. वर तेलाचा तवंग आला आणि अख्खं परडं घमघमलं. मी घाईनं माळ बाहेर काढली. टोप्या लखलखीत होत्या आणि मणी फिक्कट, बाभळीच्या ढलप्यासारखे. नाकाला लावले तर रिठ्याचा वास.  बापानं लेकीसाठी ठेवलेली एकुलती वस्तू मी धुऊन टाकली होती, आणि घराचं नाव घालवलं होतं ते वेगळंच.

कुणाला न सांगता मी माळ पुसून डबीत ठेवली आणि टोप्यांतून एक मणी सोडवून पदराला बांधला. आईला बघून येते म्हणून दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची गाडी पकडली. माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाला एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यांचं दुकान होतं, शहरभरचं गिऱ्हाईक त्यांच्याकडंच यायचं. लहानपणापासून ते मला ओळखायचे. मी मणी त्यांच्यापुढं टाकला आणि रडायलाच लागले. काय केलं ते हुंदके देत सांगितलं आणि विचारलं, "चाचा, ह्यात परत वास घालता येतोय का?"

त्यांनी मणी उलटा-पालटा केला आणि अडकित्त्यात धरून कट्कन दोन तुकडे केले. आतून लाकूड पांढरं होतं. कडेला तेवढी तपकिरी रेघ, तीही पुसट.

"परत म्हणजे? ह्यात आधी बी कुणीतरी घातलेलाच हुता," ते म्हणाले. "साधं लाकूड घ्यायचं, मणी करायचं, तेलात बुडवून मुरवत ठेवायचं. वर काळा रंग. बाजारात लई हायत असलं."

मग त्यांनी मागच्या फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली बोटाएवढी ढलपी माझ्या हातावर ठेवली. भुरकट लाकूड, त्यात काळ्या शिरा, कुठं जाड कुठं बारीक, एकसारखं काहीच नाही. मी वास घेतला आणि म्हणाले, "ह्याला तर वासच न्हाई!"

ते हसले. धूपदाणीतल्या निखाऱ्यावर त्यांनी त्यातली काडीएवढी कपची ठेवली. जरा वेळानं लाकडातून तेलाचे बारीक बुडबुडे आले आणि मग सुगंध, संथ, गोड, दुकानभर. चाचींनी डबी उघडली तेव्हाचा वास नाकात घुसला होता. हा नुसता येऊन शेजारी बसला. मग त्यांनी माझ्या मण्याचा एक तुकडा निखाऱ्यावर टाकला. तडतडला, काळा धूर निघाला आणि रॉकेलसारखा भपका आला.

"आसामाकडं ह्याची झाडं हायत," ते म्हणाले. "झाड जखमी झालं, कीड लागली, की ते आतल्या आत राळ धरतंय, जिवासाठी. वर्षं जात्यात त्यात. ती राळ म्हणजे अगर. सगळ्या झाडात नसती, हाय त्यात बी सारखी नसती. आता मला सांग, जे झाडाच्या आत असं मुरलंय ते रिठ्यानं कसं जाईल? ही ढलपी घिऊन जा आणि धू तुझ्या पाण्यात, तिला काय व्हायचं न्हाई."

उरलेला अर्धा मणी त्यांच्याच डब्यात राहिला. मी गाडीत बसले ती जवळजवळ उड्या मारत. माळच खोटी! माझा काय दोष? चाची आल्या की सगळ्यांसमोर काय काय सांगायचं, याची मी हुपरी येईपर्यंत मनात उजळणी केली.

दोन दिवसांनी चाची आल्या. सोपा माणसांनी भरलेला होता. त्यांनी डबी उघडली. मग माळ नाकाशी नेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आमचं मालक मुंबईस्नं आलते ते ही माळ डोक्यावरच्या टोपीत गुंडाळून, रस्ताभर मांडीवर घेऊन. कुणाचा धक्का लागू दिला न्हाई म्हणत हुते."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा स्वभाव. पण त्या क्षणी जीभ उचलेचना. त्या माणसाला बंदरावर कुणीतरी फसवलं होतं, आणि आता तो उत्तर द्यायलाही नव्हता. मी म्हणाले, "चाची, माझ्या हातनं झालं. मी रिठ्यात धुतली. एक मणी बी फुटला."

 चाचींनी डबी मिटून पिशवीत घातली आणि त्या गेल्या. मामंजी मात्र उठून उभे राहिले. "आमच्या चार पिढ्यांत असं झालं न्हाई," ते म्हणाले. "हिच्या हातात आजपास्नं दागिना द्यायचा न्हाई." कुंचला परत सासूबाईंकडे गेला. मी शेण-घागरीला लागले. नवऱ्यानं माझी बाजू घेतली नाही, आणि सोप्यातले कारागीर मी दिसले की एकमेकांना डोळ्यांनी खुणावत. सगळं सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी ते गिळायची. त्या दिवसांत मी जेवढी रडले तेवढी माहेरहून निघतानाही रडले नव्हते.

तीनेक आठवड्यांनी एका दुपारी चाची दारात उभ्या राहिल्या. चपला काढल्या, सरळ सोप्यात आल्या आणि उभ्यानंच बोलल्या, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात.

"मामा, तुमच्या सुनंची कायबी चूक न्हाई. माळच खोटी हुती. आमच्या मालकानं नकली माल आणला, वळखता आलं न्हाई त्यास्नी. मी माळंला वास लावून घ्यायला अत्तरवाल्याकडं गेलते, त्यांनी अर्धा मणी काढून दाखवला. ही पोरगी आधीच तिथं जाऊन समदं समजून आलती. आणि तरी तुमच्या पुढ्यात आपल्यावर घेतलं हिनं."

 मामंजींनी हातातला हातोडा खाली ठेवला. माझ्याकडं न बघता, घशातल्या घशात म्हणाले, "पाणी तापलंय. बघ जा की." बस्स, एवढंच. पण त्या माणसाच्या तोंडून एवढं येणं म्हणजे काय, हे त्या घरात नांदलेल्यालाच कळेल.

चाचींच्या मुलीनं निकाहात तीच माळ घातली, फिक्या मण्यांची, चांदीच्या टोप्यांची. मी पुढं तीस-पस्तीस वर्षं चांदी धुतली, सुनांना ते काम शिकवलं, आणि आज माझ्या म्हणण्याला घरात जी किंमत आहे ती त्या दुपारपासूनची आहे. चाची आता नाहीत. त्यांचे उपकार फेडायची संधी त्यांनी मला कधी दिलीच नाही.

सोप्यात ते सांगून त्या निघाल्या, तेव्हा मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले होते. वाटेत न राहवून विचारलं, "चाची, कशाला सांगितलंत चारचौघांत? तुमच्या मालकांची आठवण होती ती. मी सोसलं असतं की."

चाची थांबल्या. माझा हात हातात घेतला. रिठ्यानं भेगाळलेला होता, त्यावरून अंगठा फिरवला.

"पोरी, तू माझ्या मेलेल्या माणसाची अब्रू राखलीस," त्या म्हणाल्या. "त्यास्नी आता कुणी काय म्हणलं तरी ऐकू जायाचं न्हाई. तुला अजून हितं नांदायचं हाय."