आत्तीची गळाची काठी

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, कळंब्याच्या तलावावर गळ टाकून बसायची. साठच्या दशकातली गोष्ट. बाईमाणसाच्या हातात गळाची काठी बघून लोक सायकली थांबवायचे. पण नवरा गेल्यावर त्याची काठी तिनं उचलली, ती उचललीच. रविवारी पहाटे ती मला सोबत न्यायची. पाण्यावर धुकं असायचं, पलीकडचा काठ दिसायचाच नाही. तिकडं कुणीतरी खाकरायचं आणि तो आवाज फार लांबून, जणू दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटायचा.

"आत्ती, मासा कवा लागणार गं?"

"लागंल की. मी बसलोय न्हवं? नीज तू."

आमच्याकडच्या बायका 'बसलोय', 'आलो' असंच बोलतात. मी तिच्या मांडीला टेकून पेंगायची. पाण्यावर गळाच्या दोरीला बांधलेला भेंडाचा पांढरा तुकडा डुलत राहायचा. डोळे मिटले तरी तो डुलतच असायचा.

ती गेली तेव्हा माझं लग्न झालं होतं आणि मी तलावाजवळच्या शहरातच नोकरी करत होते. तिची भांडीकुंडी ज्यानं त्यानं नेली. काठी कुणालाच नको होती, म्हणून मी आणली. बांबूचे दोन तुकडे, पितळी नळीत एकमेकांत बसणारे. वरच्याला कीड लागली होती, शेंडा मोडला होता. मुठीजवळ हिरवा धागा घट्ट गुंडाळलेला. तो आत्तीच्या लुगड्याच्या काठातला, हे मी बघताक्षणी ओळखलं.

"भिंतीवर लावूया," नवरा म्हणाला. "शोभंल."

उचगावात छत्र्या दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा होते. असलं काम तेच करतात, असं कळलं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, बोटानं चाचपली.

"भिंतीसाठी पायजे का पाण्यासाठी?"

"फरक काय हाय?"

"भिंतीसाठी असंल तर पुसून रोगण मारतो. हाय तशी ऱ्हाईल. पाण्यासाठी असंल तर वरचा बांबू नवा घालाय लागंल. आन् ह्यो धागा काढाय लागंल. कुजलाय."

मी काठी तशीच परत आणली. महिनाभर ती दाराआड उभी होती. दुपारी जरा आडवी झाले की पत्र्याच्या फटीतून आलेला उजेड भिंतीवर हलायचा आणि मी पुन्हा तलावावर असायची. उठले की हात त्या धाग्यावर जायचा. तो काढला तर आत्तीचं काय उरेल, असं वाटायचं.

शेवटी मी काठी घेऊन चाचांकडं गेले. म्हटलं, "भिंतीसाठीच करा. धागा तेवढा राहू द्या. आत्तीनं स्वतः बांधलाय."

ते हसायलाच लागले. "तिनं? व्हय व्हय, लुगडं तिचं. पर बांधलाय मी. तीनदा! जुना धागा कुजला की नवा घिऊन यायची. वरचा बांबू बी दोनदा बदललाय. 'चाचा, बिगी बिगी करा, ऐतवारी जायाचं हाय मला,' म्हणायची."

मी त्यांच्या पायरीवर बसले. फसल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. उलट आत्ती त्याच पायरीवर, पिशवी मांडीत घेऊन, घाई करत बसलेली दिसायला लागली.

"पाण्यासाठी करा," मी म्हटलं.

"धागा?"

"तुमच्याकडं असंल तो लावा."

त्यांनी छत्रीचा काळा धागा लावला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं कळंब्याला गेलो. नवरा लाजून सायकलीपाशीच उभा राहिला. तीन रविवार काहीच लागलं नाही. तिसऱ्या रविवारी तो येऊन शेजारी बसला. चौथ्या रविवारी बोटाएवढा मासा आला. त्यानंच तो साफ केला, मी तव्यावर तळला, आणि चुलीपाशी बसून आम्ही तो अर्धा अर्धा खाल्ला. मीठ जरा जास्त झालं होतं.