जांभळ्या ट्यूबमधलं लाल ट्यूबमध्ये

आधीच सांगून टाकतो, चूक माझीच होती. पण ती कबूल करायच्या आधी मला दोन-तीन वडीलधाऱ्यांना जरा धुऊन काढायचंय. तेवढं ऐकून घ्या. चहा गार झाला तरी चालेल.

मी लोकांचं रक्त काढतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि मिरजेतल्या एका छोट्या लॅबमध्ये लागलो. सकाळी सहाला गाडी काढायची, आजूबाजूच्या गावांत जायचं, घरोघरी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त घ्यायचं आणि लॅबमध्ये आणून द्यायचं. "शिकला असतास तर डॉक्टर झाला असतास." हे मला कोण सांगतं? स्वतःच्या पोराला तीनदा बारावीला बसवलेला माझा काका! जाऊ दे.

लॅबचे मालक बाबर सर. तीस वर्षांचा अनुभव! हा अनुभव म्हणजे एक भयंकर प्रकार आहे बघा. एकच चूक माणूस तीस वर्षं न चुकता करत राहिला की तिला अनुभव म्हणायचं आणि पोरांच्या डोक्यावर आपटायचा.

मी नवीन होतो तेव्हा ट्यूबच्या कंपनीकडून एक ताई शिकवायला आल्या होत्या. लाल टोपणाची ट्यूब आधी भरा, जांभळी नंतर. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, त्याचा थेंबही दुसऱ्या ट्यूबमध्ये जाता कामा नये. पट्टा मिनिटभराच्या वर ठेवू नका. पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या आणि ट्यूबवर त्याच्यासमोरच लिहा. मी सगळं वहीत उतरवलं. बाबर सर मागच्या खुर्चीत जांभया देत होते.

ताई गेल्या तसे सर म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. रक्त ते रक्त! एका ट्यूबमध्ये कमी पडलं तर दुसरीतलं ओतायचं. तीस वर्षं तेच करतोय. कोण मेलं?"

मी भांडलो. सगळ्या लॅबसमोर. "सर, कोण मेलं हे तुम्हाला कळणार कसं? मेलेला माणूस तक्रार करायला येतोय होय?" तीन दिवस आमचं बोलणं बंद होतं. कॉलर टाईट करून फिरत होतो मी.

आता या मंगळवारची गोष्ट.

तासगावकडच्या एका गावात नाना राहतात. रिटायर्ड सुभेदार. मिशी अशी की तिलाच वेगळी पेन्शन मिळत असावी. त्यांना हर्नियाचा त्रास. चार महिने ऑपरेशन टाळलं. का? तर, "पोरगा रजेवर आल्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाई." पोरगा म्हणजे संजयदादा, फौजेत हवालदार. तो बिचारा वरिष्ठांच्या पाया पडून वीस दिवसांची रजा घेऊन आला. त्यातले पंधरा दिवस म्हाताऱ्याला तयार करण्यात गेले! शेवटी ठरलं. बुधवारी ऑपरेशन, शनिवारी दादाची परतीची गाडी. म्हणजे ऑपरेशननंतर बापाजवळ बसायला पोराला मोजून तीन दिवस. त्याआधी रक्ताचा रिपोर्ट चांगला यायला हवा.

तर मंगळवारी सकाळी मी त्यांच्या पडवीत. नानांनी बाही वर केली आणि डोळे वटारले.

"हे बघ गड्या, सुई एकदाच टोचायची. दुसऱ्यांदा टोचलीस तर हिथंच उलटा टांगीन. व्हय का न्हाई?"

"व्हय नाना."

"जोरात बोल!"

"व्हय नाना!"

बघा, ही आपली वडीलधारी मंडळी! रक्त त्यांचं, आजार त्यांचा, ऑपरेशन त्यांचं, आणि दम मला. पट्टा बांधला तर नाना मूठ अशी उघडमीट करायला लागले, जणू सायकलीत हवा भरतायत. "आवं नाना, मूठ हलवू नका." "मला शिकवू नगंस!" सुई आत गेली, रक्त यायला लागलं, आणि तेवढ्यात दारात शेळी शिरली. नानांनी दुसऱ्या हातातली काठी उगारली. "हाड्!" सुई निसटली. सिरिंजमध्ये निम्म्याहून कमी रक्त.

घाईघाईत हाताला लागली ती ट्यूब भरली. जांभळी. पार गळ्यापर्यंत. उरलं ते लालमध्ये सोडलं तर तळ जेमतेम ओला झाला.

आता काय करायचं होतं? सरळ आहे. "नाना, रक्त कमी पडलं, दुसऱ्या हातातून घेतो." एवढंच एक वाक्य! पण मी मिशीकडे बघितलं. मिशीनं माझ्याकडे बघितलं. मी पाठ वळवली, जांभळीचं टोपण उघडलं आणि त्यातलं रक्त हळूच लालमध्ये ओतलं.

मी! वही भरून लिहिलेला मी! बाबर सरांशी भांडलेला मी!

दुपारी मशीनमधून रिपोर्ट निघाला. बाबर सरांनी तो बघितला का? छे! तीस वर्षांच्या अनुभवाला कागद वाचावा लागत नाही. सही ठोकली आणि संजयदादाच्या मोबाईलवर पाठवून दिला. दादानं तो हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमना पाठवला. दोन मिनिटांत मॅडमचा फोन.

"पेशंट शुद्धीवर आहे का?"

"जेवतायत."

"काय?"

"झुणका-भाकरी."

"ताट काढून घ्या! पोटॅशियम बारा आलंय, पाचच्या आसपास हवं. हृदय कुठल्याही क्षणी बंद पडेल. आत्ताच्या आत्ता आणा!"

झालं! नानांची बहीण, जतची आत्या, ऑपरेशनसाठी म्हणून आली होती. तिनं जो हंबरडा फोडला तो तीन गल्ल्या ओलांडून गेला. भावकी धावत आली. नाना ओरडतायत, "आरं मी धडधाकट हाय! माजी भाकरी कुनी न्हेली?" आणि आत्या म्हणते, "गप रं नाना, तुला काय कळतंय? कागद आलाय कागद!"

चौघांनी उचलून नानांना जीपमध्ये आडवं केलं. हलू द्यायचं नाही, बोलू द्यायचं नाही. वाटेत एक चुलता कानाशी लागून विचारत होता म्हणे, "नाना, काय इच्छा?" नाना म्हणाले, "उठून तुज्या कानाखाली जाळ काढायचा हाय."

दादानं मला फोन केला. "रक्त तू न्हेलंस न्हवं? लगीच हॉस्पिटलात ये."

मी पोचलो. बाबर सरही आले होते. आणि आता ऐका, खरी नामुष्की आता आहे. मला वाटलं, हीच संधी! सगळ्या भावकीसमोर मी सरांवर तुटून पडलो. "सर, शंभरदा सांगितलं मशीन भंगार झालीय! माणसाचा जीव जाईल एक दिवस! रिपोर्ट न बघता सह्या करता, लाज वाटत नाही?" भावकी माना डोलावत होती. आत्या म्हणाली, "लय शाना हाय ह्यो पोरगा." सर बिचारे घाम पुसत होते.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. हातात हृदयाचा आलेख. "आलेख एकदम चांगला आहे. नाडी उत्तम. हा माणूस आत सिस्टरना शेळीचं दूध कसं काढायचं ते शिकवतोय. पोटॅशियम खरंच बारा असतं तर…" त्यांनी पुन्हा रिपोर्ट बघितला. "आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य? रक्त कुणी काढलं?"

"मी!" छाती पुढं काढून सांगितलं. अजूनही डोक्यात प्रकाश नाही!

"आधी कुठली ट्यूब भरली?"

"जां… जांभळी."

"लाल कमी पडली?"

"…हो."

"मग?"

मी हातानंच ओतल्याची खूण केली. बाबर सरांनी घाम पुसायचं थांबवलं.

"जांभळीतल्या औषधातच पोटॅशियम असतं," मॅडम म्हणाल्या, "आणि ते औषध कॅल्शियम खाऊन टाकतं. तू मला नानांचा रिपोर्ट पाठवला नाहीस, त्या औषधाचा पाठवलास."

ज्या माना डोलत होत्या त्या सगळ्या माझ्याकडे वळल्या. सरांनी रुमालाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सिस्टरनी नानांचं परत रक्त घेतलं. पहिल्या हाताला शीर सापडली नाही, दुसऱ्या हातातून घेतलं. दोनदा टोचलं! नानांनी हूं की चूं केलं नाही.

मी भीत भीत म्हटलं, "नाना, तुमी तर एकदाच म्हनला व्हता…"

"आरं येड्या, सुईला भ्यायलो असतो तर पल्टनीत काय केलं असतं? जरा दम दिला तुला. तुला तोंड न्हवतं? त्या बाबरावर कसा भुकलास मगाशी, आतपातूर ऐकू आलं!"

दुसरा रिपोर्ट एकदम चोख आला. पण या गोंधळात बुधवारची वेळ दुसऱ्या पेशंटला गेली. ऑपरेशन शुक्रवारी झालं. नीट झालं, देवाची कृपा. पण दादाचे तीन दिवस गेले ते गेलेच. चार महिने वाट बघून मिळालेली रजा माझ्या एका ट्यूबनं खाल्ली. आज सकाळी त्याला मिरज स्टेशनवर सोडायला मीच गेलो. तो रागावला नाही. गाडीच्या दारातून एवढंच म्हणाला, "माज्या जागी तू बसायचं नानाजवळ." त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

तर मी आता नानांच्या कॉटजवळ स्टुलावर बसलोय. गावाकडून माणसं शहाळी घेऊन बघायला येतायत. आणि येईल त्याला नाना माझी ओळख करून देतात, "ह्योच त्यो. ह्यानं मला मंगळवारी कागदावर मारला."

शेवटी न राहवून मी म्हटलं, "आवं नाना, किती दिवस सांगनार हे लोकांना?"

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "मेलेल्या मानसाचं किती दिवस करत्यात? तेराव्यापातूर सांगनार की!"

आज पाचवा आहे.