मांदेलीचे कल्ले

मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात विमलाच्या टोपलीसमोर गिऱ्हाईक जपूनच बोलायचं. मासा ताजा आहे का, असं कुणी विचारलंच, तर ती बांगड्याचा कल्ला उचलून लालभडक आतली बाजू त्याच्या नाकाशी धरायची. "बघ, डोळे फुटलेत काय तुझे?" अशीच जीभ चालवत, नवरा गेल्यावर तिनं लेकीला शिकवलं, मुंबईला नोकरीला लावलं. आता घरात ती आणि मांदेली नावाची सोनेरी, हडकुळी मांजर. विमला तिला दिवसातून दहा शिव्या घालायची आणि काटे काढून मासा भरवायची.

यंदा गणपती गेले आणि मांदेली कोपऱ्यातल्या पोत्यावर पडून राहायला लागली. पाच दिवस घरात मासा शिजला नव्हता, दूधभातावर भागवलं होतं. बया रुसली, असंच विमलानं धरलं. तिनं सुरमईचा तुकडा पुढं ठेवला, मांदेलीनं हुंगून तोंड फिरवलं. "भाव खातेस होय गो?" म्हणत विमलानं आठ दिवस तिची मनधरणी केली.

नवव्या दिवशी मांडीवर घेऊन भरवताना मांदेलीचा ओठ सवयीनं बोटानं वर उचलला गेला. हिरड्या पांढऱ्याफटक. असल्या कल्ल्यांचा मासा तिनं कुणाला फुकटसुद्धा दिला नसता. मांदेलीला टोपलीत घालून ती रिक्षानं थेट जनावरांच्या दवाखान्यात गेली.

"डाक्टरीणबाय, हिचे कल्ले पांढरे झालेत वो!"

डॉक्टर संध्या हसल्या नाहीत. त्यांनी हिरड्या पाहिल्या, मग पाठीवरचे केस बाजूला केले. आत पिसवा पळत होत्या, काळी कणी साचली होती. ती ओल्या कापसावर घेतली तर कापूस तांबडा झाला. "हे हिचंच रक्त, मावशी. पिसवांनी पिऊन टाकलेलं. फार उशीर झालाय. औषध देते, पण खात्री देत नाही."

"आणि मी म्हणत होत्ये, रुसली!" विमलाला रडूच फुटलं.

मानेवर औषधाचे थेंब पडले, रक्त वाढवायचं औषध मिळालं. घरी येऊन तिनं पोती, चादरी कढत पाण्यात घातल्या, घर झाडून काढलं. बारीक फणीनं एकेक पिसू ओढून साबणाच्या पाण्यात बुडवताना तिची जीभ मनसोक्त सुटली. शेजारची दर्शना कुत्र्याच्या पिसवांची पावडर घेऊन आली, तशी विमला दारात आडवी उभी राहिली. "डाक्टरीणबायनी बजावलान, कुत्र्याचं औषध मांजराला विष! ने ते आधी."

दोन दिवस ती बाजारात गेलीच नाही. कोंबडीची काळजं शिजवून, बोटावर घेऊन चाटवत बसली. जगात आपलं म्हणून हाताशी एवढंच उरलंय, हे तिला तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी मांदेलीनं दोनदाच चाटलं, दुसऱ्या दिवशी वाटी संपवली.

पुढं रोज औषध पाजताना ती ओल्या फडक्यासारखी हातात पडून राहायची. तिसऱ्या आठवड्यात मात्र विमलानं तिचं तोंड उघडलं आणि मांदेलीनं फिस्स करून पंजा असा मारला की मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या. औषध सांडलं, मांजर कपाटावर.

आवाज ऐकून दर्शना धावत आली. "अगो, रक्त येतंय! हळद लाव."

विमला मनगट पुढं धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "ऱ्हाऊ दे गो. बघ तर, किती जोरात मारलान!"