टाचणीचा वेग

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. बाजारच्या रस्त्याला ती टाचणी. अंगानं बारीक, बोलणं टोचणारं, आणि एकदा रुतली की सहजी न निघणारी. सोफे-खुर्च्या मढवणं हा तिच्या बापाचा धंदा, आणि बापामागं तिचा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला कापड सोललेले सोफ्यांचे सांगाडे, दुसरीला रेक्झिनच्या गुंडाळ्या, मध्ये लाकडी घोड्यांवर उताणी पडलेली एखादी खुर्ची. बारीक खिळे ती ओठांत धरायची, जिभेनं एकेक पुढं सरकवायची आणि हातोडीच्या एका ठोक्यात बसवायची. लोक तोंडात मूग धरून बसतात, ही खिळे धरून बसे. गिऱ्हाइकाला निम्मी उत्तरं भुवयांनीच मिळत.

पण पंधरा-सोळाची होती, तेव्हा हीच बाई ओरडायची. बाबा दुकान बंद करून घरी गेले, की ती, तिचा धाकटा भाऊ आणि शेजारच्या शिंप्याचा मुलगा मागच्या दारानं आत शिरायचे. एका गिऱ्हाइकानं मढवायला टाकलेल्या सामानात एक रेकॉर्ड प्लेअर आला होता आणि तो न्यायला कोणी फिरकलंच नव्हतं. त्याचा वेग बदलायचा खटका संथ बाजूला अडकून बसलेला. तो सुटेना म्हटल्यावर तिघांनी त्याचा नाद सोडला. मोठी तबकडी याच वेगानं फिरते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली.

भंगारवाल्याकडून ते तबकड्या उचलायचे. हार्डकोर पंक. ज्यांना धड वाजवता येत नाही, पण ज्यांना गप्पही बसवत नाही, अशांचं संगीत. त्यात एक तबकडी बिनकव्हरची होती, मधला कागदही खरवडलेला. तीच त्यांची लाडकी. तिच्यावर एक बाप्या गायचा. गायचा कसला, भरलेलं कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज काढायचा. गिटार चिखलातून चालल्यासारखी, ड्रम विचार करून पडल्यासारखे.

शाळेत गाण्याच्या बाईंनी टाचणीला मागच्या बाकावर बसवलं होतं. “तू नुसते ओठ हलव,” म्हणाल्या होत्या. त्या बाप्याचा आवाज ऐकला आणि पोरीला वाटलं, असाही आवाज असतो की. मग तिनं आपला आवाज खाली खाली नेला, विहिरीत बादली सोडावी तसा, आणि तळाशी पाणी लागलं तेव्हाच थांबली. तिघांनी स्वतःची टोळी काढून तीच गाणी वाजवायला घेतली. ड्रम तीच वाजवायची, ओरडायचीही तीच. भाऊ गिटारवर. शिंप्याचा मुलगा, त्यालाही सगळे शिंपीच म्हणत, जाड तारांच्या गिटारवर, बेसवर. बस आगारामागच्या गोदामात तेव्हा अशा टोळ्या वाजवायच्या. बाकीचे सगळे पाठीशी कुत्रं लागल्यासारखे पळत. हे तिघं तेवढे गाडा ओढत चालत. लोक आधी हसत, मग गप्प होत, मग हळूहळू माना हलवू लागत.

पुढं बाबांचा हात थरथरू लागला आणि दुकान तिच्यावर आलं. भाऊ शहरात आवाजमुद्रणाच्या कामाला गेला. शिंपी आपल्या मशीनला जुंपला. ड्रम माळ्यावर चढले. तबकड्या तिनं टाकल्या नाहीत. बैठकीखाली पेटी असलेला एक सोफा विकायचा राहिला होता, त्यात ठेवल्या.

पुष्कळ वर्षांनी गोदामाच्या मालकानं सगळ्या जुन्या टोळ्यांना निरोप धाडला. रविवारी दुपारी या, एकेक गाणं वाजवा, गुडघे अजून वाकत असतील तर नाचा. भाऊ चार दिवस आधीच आला. येताना नवा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आला, आणि रेक्झिन कापायच्या टेबलावर तो मांडताना तिच्याकडं बघेना.

“ती बिनकव्हरची काढ,” म्हणाला.

तबकडी फिरली आणि टाचणीनं खिळे तळहातावर काढून घेतले.

“मशीन बिघडलंय तुझं.”

“नाही ताई. हे नीट आहे.”

खोलीत कोणी डबा भरून वाटाणे ओतल्यासारखे ड्रम वाजत होते. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत मध्यावर आलं. आणि त्यात एक पोरगी ओरडत होती. कोवळ्या गळ्याची, चिडलेली, दम न घेणारी.

“ही कोण?”

“गाणारी.”

“आणि आपला बाप्या?”

“बाप्या नव्हताच कधी.” भावानं तबकडी थांबवली. “मोठी असली तरी ही तबकडी जोरात फिरवायची होती. आपण सगळी वर्षं ती संथ ऐकली, म्हणून पोरीचा बाप्या झाला.”

त्यानं फोनवर तबकडीच्या मूळ कव्हरचा फोटो दाखवला. कानापर्यंत केस कापलेली मुलगी, ढोपर खरचटलेलं. तेव्हाच्या टाचणीच्याच वयाची.

“तुला कधीपासून माहीत?”

“शहरात गेलो त्याच वर्षापासून. गोदामात भरलेली आपली जुनी कॅसेट मी कामावर कौतुकानं सगळ्यांना ऐकवली. ते दिवसभर हसले. कोणीतरी म्हणालं, हे गाणं झोपेच्या गोळ्या खाऊन आलंय का? आणि मूळचं लावून दाखवलं. त्यानंतर मी आपलं नाव कुणापुढं काढलं नाही.”

“मलाही नाही सांगितलंस.”

“तुला काय सांगणार? तुझा तो आवाज...” तो अडखळला. “ऐक. रविवारी हेच गाणं नीट वाजवू. मी सराव केलाय. गोदामात आता जाणकार लोक येतात. एकदा तरी लाज राखू.”

“कोणाची?” एवढं म्हणून तिनं खिळे ओठांत परत घेतले. पुढं ठोके ऐकू येत राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊ बाहेर गेल्यावर तिनं तबकडी पुन्हा लावली, जोरात फिरणारी. परत लावली. ती पोरगी तिला आवडली. तिला जवळ घेऊन पाणी द्यावंसं वाटलं. मग तिच्या पट्टीत ओरडून पाहिलं, तर घशातून निघाली नुसती शिट्टी. टाचणी खाकरली आणि आपल्या ठिकाणी उतरली. आवाज तिथंच होता. मांडलेल्या स्प्रिंगा थरथरल्या.

दारात शिंपी उभा होता, गळ्यात टेप. त्याला तिनं सगळं सांगितलं. त्यानं दाढी खाजवली.

“मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला खिसे चुकून आतून लावले होते,” म्हणाला. “आता बाहेरून लावले तर भांडतो.”

“म्हणजे तू कुणाच्या बाजूचा?”

“ड्रमवर तू बसणार. तुझा पाय पडेल तिथं माझं बोट.”

रविवारी गोदाम भरलं होतं. केस पिकलेले, पोटं सुटलेली, आणि त्यांची तरणी पोरंही. भाऊ गिटारच्या तारा जुळवत तिच्यापाशी आला.

“ताई, शेवटचं सांगतो. हसतील.”

“हसू देत. दात आहेत तोवर हौस भागवून घ्यावी.”

“चूक होती गं ती.”

“चूक त्या खटक्याची. बाकीचं सगळं आपण केलंय. त्या पोरीनं तिच्या रागाला तिचे पाय दिले. मी माझ्या रागाला माझे दिले. आता तुला कोणीतरी हसलं म्हणून मी दुसऱ्याचे पाय लावून पळू? तुला पळायचं तर पळ. मी इथं बसलेय.”

भाऊ जागेवर गेला आणि गाणं सुरू केलं ते जोरात, अगदी बिनचूक, तबकडीवरच्यासारखं. टाचणीनं त्याला जाऊ दिलं. मग पाय उचलला आणि टाकला. थांबली. पुन्हा टाकला. शिंप्याचं बोट बरोबर तिथं पडलं. गिटार एकटीच पुढं पळत होती आणि मागं दोघं आपली सावकाश येत होती. पुढच्या रांगेत कोणीतरी खिदळलं, दुसऱ्यानं शिट्टी मारली. भावाचे कान लाल झाले. तो थांबला. हात तारांवर ठेवून नुसता उभा राहिला, पाठ लोकांकडं.

टाचणीनं तोंड उघडलं. आवाज तळातून आला, कपाट ओढत. तिनं भावाकडं पाहिलं नाही, हसणाऱ्यांकडंही नाही. पहिलं कडवं गिटारीवाचूनच गेलं आणि ते काही बरं वाटलं नाही, पोकळ वाटलं. तरी तिनं वेग बदलला नाही. दुसऱ्या कडव्यात खिदळणारा गप्प झाला. शिंप्यानं डोळे मिटले होते.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी भावाचा हात हलला. एकच सूर, लांब, चिखलातून पाय काढावा तसा. मग दुसरा. तिच्या ठोक्यावर पडला.

खाली उतरल्यावर एक तरुण जवळ आला, भला माणूस वाटत होता. “मावशी, मूळ गाणं याच्यापेक्षा पुष्कळ जोरात धावतं. तुम्हाला माहीत आहे ना?”

ती घाम पुसत होती. उत्तर भावानं दिलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “आम्ही हे असंच वाजवतो.”